हर्णै बंदरावरचा मासळी लिलाव: पाहण्यासाठी आणि मासळी घेण्यासाठी काय लक्षात ठेवावे

पुण्याच्या एका कुटुंबाने विचारलेल्या प्रश्नांचे हे उत्तर आहे. दिवाळीच्या सुट्टीत ते दापोलीला मुक्कामाला येणार आहेत. हर्णैचा लिलाव नक्की किती वाजता असतो, बाहेरच्या माणसाला तिथे बोली लावून मासळी घेता येते का, भावात आणि ताजेपणात फसवणूक कशी टाळावी, आणि परतताना पुण्यापर्यंत मासळी नेता येईल का, असे त्यांचे प्रश्न आहेत. सोबत मांसाहार न करणाऱ्या सासूबाई आहेत, तेव्हा त्यांनी बंदरावर यावे की नाही, हेही त्यांनी विचारले आहे.

दापोली तालुक्यात पाहुण्यांसाठी घरगुती खानावळ चालवताना मी वर्षानुवर्षे याच बंदरावरून मासळी घेत आले आहे. त्या अनुभवावरून सांगते की लिलाव अवश्य पाहावा, मात्र घरच्या जेवणापुरती मासळी लिलावात घेण्याच्या फंदात पडू नये. ती बाजूला टोपल्या मांडून बसलेल्या बायकांकडून घ्यावी. बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे एवढे मान्य केले की सोपी होतात.

प्रथम वेळेबद्दल. लिलाव साधारणपणे दिवसातून दोनदा होतो, एक सकाळी आणि दुसरा दुपारी चारनंतर. संध्याकाळचा मोठा, आणि पाहण्यासारखाही तोच. दुपारच्या जेवणासाठी मासळी हवी असेल तर अर्थातच सकाळी जावे. परंतु घड्याळावर नेमकी वेळ मागणाऱ्यांना मी नेहमी सांगते की इथली वेळ होड्या परत येण्यावर, वाऱ्यावर आणि भरती-ओहोटीवर ठरते. चार वाजता पोहोचलात आणि किनारा रिकामा दिसला, तर निघून जाऊ नका. समुद्राकडे पाहा, नौका नांगर टाकून उभ्या राहू लागल्या की पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात वाळूवर गर्दी झालीच म्हणून समजा.

भरतीची वेळ काढण्याची आमच्याकडची जुनी रीत अशी आहे की तिथीच्या अंकाला पाऊणने गुणायचे, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला चारला पाऊणने गुणले की तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. भाऊबीज द्वितीयेला असते, म्हणजे दुपारी दीडच्या आसपास भरती आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी. लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येचा हिशेबही असाच, दीड-दोन तास आधी. याचा अर्थ दिवाळीत तुम्ही संध्याकाळच्या लिलावाला जाल तेव्हा पाणी मागे हटत असेल, किनारा रुंद मोकळा असेल आणि मासळी आणण्यासाठी बैलगाड्यांना पाण्यात दूरवर जावे लागेल. हर्णैचे जे दृश्य लोक मुद्दाम पाहायला येतात, ते असेच ओहोटीत उत्तम दिसते. याउलट अष्टमीच्या आसपास संध्याकाळी सहाला भरती असते. त्या दिवसांत भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, असल्यामुळे पाणी फार चढत नाही, तरी उभे राहायला जागा कमीच उरते.

आता तिथे प्रत्यक्ष काय चालते ते समजून घेऊ. मोठ्या नौका उथळ पाण्यामुळे किनाऱ्याला लागत नाहीत. त्या बाहेर नांगरतात, त्यांच्यावरची मासळी छोट्या होड्यांत उतरते आणि तिथून काही डोक्यावरच्या टोपल्यांत, काही बैलगाड्यांत भरून वाळूवर येते. नौकेवरचा प्रमुख तो तांडेल, हाताखालचे ते खलाशी आणि नौकेचा मालक तो नाखवा. जाळे ओढल्यावर खलाशांनी बरीचशी निवड नौकेवरच केलेली असते, त्यामुळे किनाऱ्यावर येणारा माल जातीप्रमाणे आणि आकाराप्रमाणे वेगळा असतो. मोठी सुरमई एकीकडे, बांगडा दुसरीकडे, कोळंबी तिच्या आकाराप्रमाणे, आणि मिसळ बारीक मासळीचा ढीग निराळा. एकेका ढिगाभोवती माणसांचे कडे जमते. पुकारणारा एक आकडा सांगतो, घेणारे तो वाढवत नेतात, कोणी मोठ्याने बोलते तर कोणी नुसत्या मानेच्या हालचालीने, आणि मिनिटा-दोन मिनिटांत तो ढीग कोणाचा तरी होऊन टोपल्यांत भरला जाऊ लागतो. ऐकणाऱ्याला हा गोंगाट वाटतो, पण त्यात चूक क्वचितच होते, कारण पुकारणारा आणि घेणारे एकमेकांना रोज भेटतात आणि बराचसा व्यवहार विश्वासावर, पुढच्या हिशेबावर चालतो.

बाहेरच्या माणसाने बोली लावू नये, असे मी म्हणते ते याच कारणाने. कायद्याने कोणी अडवत नाही. पण बोली असते पूर्ण ढिगावर, टोपलीवर किंवा मोठ्या वजनावर. चार माणसांना दोन किलो मासळी हवी असताना अर्धा हारा, म्हणजे अर्धी मोठी टोपली, बांगडे घेऊन तुम्ही करणार काय? शिवाय तिथे बोली लावणाऱ्यांत ज्या बायका असतात, त्यांच्या दिवसाची कमाई त्या ढिगावर ठरायची असते. तो माल घेऊन कोणी बाजूलाच विकायला बसते, कोणी दापोलीच्या बाजारात जाते, कोणी डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरते. हौसेने बोललेला एक चढा आकडा त्यांचा भाव बिघडवतो, आणि नंतर पर्यटकाने माघार घेतली तर नाखव्याचाही खोळंबा होतो. बंदरावरच्या लोकांना पाहुण्यांचा राग येण्याचे प्रसंग मी पाहिले आहेत, ते बहुतेक असेच होते.

सगळा माल माणसाच्या ताटात थेट जात नाही, हेही मुलांना दाखवण्यासारखे आहे. म्हाकूल आणि मोठी कोळंबी निर्यातदारांच्या माणसांकडे जाते, बर्फाच्या गाड्या त्यासाठीच वर रस्त्यावर उभ्या असतात. गुलाबी रंगाचा राणीमासा माशाचा लगदा करणाऱ्या कारखान्यांकडे मोठ्या प्रमाणावर जातो. अगदी बारीक, खाण्यास निरुपयोगी मासळी खतासाठी किंवा खाद्यासाठी वेगळी काढतात. त्या ढिगात पुष्कळदा चांगल्या माशांची पिल्लेही असतात, आणि ते पाहून मला दर वेळी वाईट वाटते.

उभे कुठे राहावे याबद्दल. कड्याच्या आत शिरू नये. घेणाऱ्यांच्या मागे राहून त्यांच्या खांद्यांवरून पाहावे. बैलगाडी पाण्यातून वर येत असताना तिच्या वाटेत थांबू नये, कारण ओल्या वाळूत भरलेली गाडी एकदा थांबली की चाके रुततात आणि बैलांना ती पुन्हा ओढणे जड जाते. स्वतःची मोटार किनाऱ्यावर उतरवू नये. ती वर रस्त्याकडेला, बर्फाच्या गाड्यांना वाट राहील अशी लावावी. पायात धुता येतील अशा, पण पाऊल झाकणाऱ्या चपला असाव्यात, आणि मुलांना अनवाणी मुळीच सोडू नये. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा वाळूत पडलेला असतो व तो लागला तर भयंकर ठणकतो. तसे झालेच तर लागलेला भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा, त्याने वेदना उतरते, आणि मग डॉक्टरकडे जावे. काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

फोटो काढायचे असतील तर गर्दीचे, गाड्यांचे, समुद्राचे खुशाल काढा. एखाद्या बाईचा चेहरा जवळून टिपायचा असेल तर आधी विचारा. "ताई, एक फोटो काढू का?" एवढे पुरते, आणि नाही म्हटले तर तो विषय तिथेच सोडावा. नाकाला रुमाल लावून लिलावात हिंडणे टाळावे. मासळीचा वास सहन होत नसेल तर जवळच्या कनकदुर्गाच्या टेकडीवर दीपगृहाकडे चढून जावे. तिथून सगळे बंदर एका नजरेत येते आणि समोर समुद्रात सुवर्णदुर्गही दिसतो. तुळाजी आंग्र्यांकडून १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत गेलेला जलदुर्ग तो हाच. तुमच्या सासूबाईंना मी तिथेच बसण्याचा सल्ला देईन. चढण झेपत नसेल, तर खाडीपलीकडच्या आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीचे दर्शन आधी घेऊन मग त्यांना मुक्कामी सोडावे आणि बाकीच्यांनी बंदरावर यावे.

आता खरेदी. किरकोळ विक्रीच्या बायका लिलावापासून थोड्या अंतरावर रांगेने बसतात. लहान मासळी वाट्यावर मिळते आणि मोठा मासा नगावर किंवा किलोवर. पहिल्याच टोपलीशी न थांबता रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक फेरी मारावी, दोन-तीन जणींना भाव विचारावा, आणि मग जिचा माल पसंत पडेल तिच्याशी बोलावे. वाट्याच्या वर मोठे नग आणि खाली बारीक असे पुष्कळदा रचलेले असते. ही मांडणीची पद्धत आहे, तिला लगेच लबाडी म्हणू नये. "मावशी, जरा खालचे दाखवा" म्हटले की त्या स्वतः वाटा मोडून दाखवतात. थोडी घासाघीस चालते आणि अपेक्षितही असते. एखादा वाटा कमी भावात मिळवण्यापेक्षा त्याच भावात वर दोन बांगडे मागून घेणे इथल्या रीतीला अधिक धरून आहे. मात्र भाव ठरवून, मासा कापायला सांगून मग नको म्हणणे अतिशय वाईट. किलोवर घेतलेल्या माशाचे वजन साफ करण्यापूर्वी होते, आणि कापून देण्याचे पैसे वेगळे असतात. हे दोन्ही आधीच विचारून घेतले की नंतर वाद होत नाही. सुटे पैसे जवळ ठेवावेत, कारण मोबाईलवरून पैसे घेणाऱ्या पुष्कळ असल्या तरी गर्दीच्या वेळी ओल्या हातांनी फोन पाहणे त्यांना अवघड जाते.

भाव दिवसागणिक बदलतात, म्हणून आकडे मी देत नाही. पण भावाची दिशा सांगता येते. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे आमच्याकडे खाण्याचे वार, तेव्हा मागणी जास्त. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी या दिवशी स्थानिक मागणी उतरते आणि भावही थोडा नरमतो. दिवाळीच्या सुट्टीत पर्यटकांमुळे सुरमई-पापलेटाचा भाव चढाच असतो, आणि सगळेच ते दोन मासे मागतात म्हणून तो आणखी चढतो.

इथे माझे ठाम मत सांगते. किनाऱ्यावर येऊन फक्त सुरमई आणि पापलेट मागणे म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेणे आहे, कारण ते दोन्ही मासे पुण्यातही मिळतात. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत बांगडा चरबीने भरलेला असतो आणि त्या दिवशीचा बांगडा तिरफळे घालून केला तर त्याची चव शहरात मिळणाऱ्या कुठल्याही महागड्या माशाला येत नाही. मुडदुशा, सौंदाळे, मांदेली, लेपा, तांबोशी, बारीक कोळंबी यांपैकी जे त्या दिवशी जास्त आले असेल ते घ्यावे. "आज काय चांगले आहे?" हा प्रश्न विकणाऱ्या बाईला विचारावा, घरी ती काय नेणार आहे हेही विचारावे, ते उत्तर सहसा खरे असते. पापलेट घ्यायचेच असेल तर तळहाताहून लहान घेऊ नये. चंदेरी पापलेट २०२३ साली महाराष्ट्राचा राज्य मासा ठरला, आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला, त्यात या पापलेटासाठी तो १३५ मिलिमीटर आहे. याहून लहान पापलेट अजून एकदाही अंडी न घातलेले असते. गिऱ्हाईकाने ते घेतले नाही, तरच त्याला भाव मिळणे थांबेल.

ताजेपणा ओळखण्याची सामान्य लक्षणे सर्वांना ठाऊक असतात: डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, अंग बोटाने दाबले तर खळगा लगेच भरून येणारे, वास समुद्राचा आणि आंबूस अजिबात नाही. पण प्रत्येक जातीची पारख थोडी वेगळी आहे. बांगड्याच्या पाठीवरचे हिरवे-निळे पट्टे चकाकत असले आणि मासा आडवा धरल्यावर ताठ राहिला, तर तो त्या दिवशीचा. पोट मऊ पडून फुटू लागले असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी सोडून द्यावा. बोंबील मुळातच लिबलिबीत असतो, म्हणून त्याच्या बाबतीत घट्टपणा पाहून उपयोग नाही. तो पारदर्शक, गुलाबीसर आणि तोंडाशी लालसर असावा, पिवळट नसावा. कोळंबीचे डोके धडाला घट्ट चिकटलेले असावे आणि डोक्यात काळेपणा उतरलेला नसावा. सुरमईची तुकडी कापलेली घेऊ नये. अख्खा मासा पाहून समोर कापून घ्यावा. चिंबोरी जिवंत आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागली पाहिजे. पोटाखालचे झाकण निमुळते असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर मादी. अमावास्येच्या आसपासच्या चिंबोऱ्या भरलेल्या असतात असे आमच्याकडे सर्वजण मानतात आणि त्याप्रमाणेच खरेदी करतात. तिसऱ्यांचे शिंपले मिटलेले असावेत, किंवा उघडे असले तर टिचकी मारल्यावर मिटावेत. जे मिटत नाहीत ते टाकून द्यावेत.

फसवणुकीची भीती पुष्कळांना वाटते. बंदरावर ती मला फारशी जाणवलेली नाही. शहरात, जिथे कापरी पापलेट चंदेरी म्हणून किंवा गोड्या पाण्यातला रूपचंद समुद्रातला म्हणून खपवला जातो, तिथे ती खरी आहे. बंदरावर जो धोका असतो तो हंगामाचा. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो अनेक जातींचा अंडी घालण्याचा काळ असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत किनाऱ्यावर सुरमई दिसली तर ती बर्फातून दूरवरून आलेली किंवा शीतगृहातली आहे असे धरून चालावे, आणि पावसात आलेल्या पाहुण्यांनी खाडीची बोय, कालवे, चिंबोऱ्या यांवर समाधान मानावे. ते समाधान लहान नाही. बंदी उठली तरी पुष्कळ कोळी नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा केल्यावरच नौका लोटतात. दिवाळीच्या सुमाराला अडचण येते ती वादळाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अरबी समुद्रात वादळ झाले की बंदरावर धोक्याचा बावटा लागतो, नौका खाडीत येऊन थांबतात आणि लिलाव दोन-तीन दिवस नावापुरता उरतो. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा पाहावा आणि मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून नौका बाहेर गेल्या आहेत का, ते विचारावे.

घेतलेली मासळी शिजवून देण्याची सोय बहुतेक घरगुती मुक्कामांत होते, पण ती गृहीत धरू नये. सकाळीच सांगावे, शिजवण्याचे पैसे ठरवावेत, आणि संध्याकाळी सातनंतर साफ न केलेली मासळी स्वयंपाकघरात नेऊन ठेवू नये. बंदरावरच साफ करून न्यावी, म्हणजे रांधणारीला वेळ मिळतो आणि कालवण नीट होते.

पुण्यापर्यंत ताजी मासळी नेता येते, मात्र परतीच्या दिवशी सकाळी घेतलेलीच. आदल्या संध्याकाळची नेऊ नये. घाटातून पाच-सहा तासांचा प्रवास धरला तर माशाच्या वजनाइतका बर्फ हवा. आतडी आणि कल्ले काढून, धुऊन, पण तुकडे न करता अख्खा मासा ठेवावा. थर्मोकोलच्या पेटीत तळाशी फोडलेल्या बर्फाचा थर, मग मासे, पुन्हा बर्फ, असे रचत जावे, आणि तळाशी जाळी किंवा उपडे ताट ठेवावे म्हणजे मासे वितळलेल्या पाण्यात बुडून राहत नाहीत. बांगडा, कुपा आणि सुरमई यांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी. हे मासे उबेत राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार होते, आणि ते एकदा तयार झाले की शिजवून वा तळून जात नाही. खाणाऱ्याचे अंग लाल होते, डोके दुखते, उलट्या होतात. मासा दिसायला चांगला असूनही असे होऊ शकते, म्हणून बर्फात कसर करू नये. तिसऱ्या आणि चिंबोऱ्या जिवंत न्यायच्या असतील तर ओल्या गोणपाटात गुंडाळाव्यात. गोड्या पाण्यात किंवा बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत त्या वाटेतच मरतात.

एवढी खटपट नको असेल तर सुकी मासळी घ्यावी. सोडे, सुकट, सुके बोंबील आणि खारवलेला बांगडा बंदराजवळ आणि दापोलीच्या बाजारात मिळतो. सोडे हातात घेतल्यावर खडखडीत वाजले पाहिजेत. दमट लागले तर काही दिवसांत बुरशी धरतात. खारवलेल्या माशावर लालसर-गुलाबी डाग दिसले तर तो घेऊ नये, ते मिठात वाढणाऱ्या जीवाणूंचे असतात. घरी गेल्यावर एक दिवस कडक उन्हात ठेवून मग हवाबंद डब्यात भरावे, आणि दिवाळीनंतर उन्हाचा भरवसा नसेल तर डबा सरळ फ्रिजमध्ये ठेवावा.